घरच्या घरी ब्रेक पॅड बदलताना

साताऱ्यात राहणाऱ्यांचे ब्रेक पॅड जरा लवकरच झिजतात. यवतेश्वरचा घाट रोज उतरायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? पॅडचा थर ३ मिमीच्या आसपास आला की बदलायला घ्या. धातू घासल्याचा आवाज येईपर्यंत थांबलात तर पॅड ज्यावर घासतात ती चाकामागची डिस्कही खराब होते.

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नका, खाली स्टँड हवाच.

कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा भाग, सुटल्यावर तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. कॅलिपरमधला पिस्टन (पॅड डिस्कवर दाबणारा दट्ट्या) मागे दाबण्यापूर्वी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहा. पिस्टन आत गेला की ऑइल वर चढतं आणि काठोकाठ भरलं असेल तर सांडतं. ते रंगावर पडलं तर रंग उडतो, लगेच पाण्याने धुवा. पॅड पुढच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चाकं बसवून नट घट्ट केल्यावर, गाडी हलवण्याआधी, ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पहिले काही दाब पोकळच जातात. कडक होतच नसेल तर गाडी बाहेर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. नवे पॅड रस्त्यावर हळूहळू ब्रेक मारत बसू द्या. पहिल्याच दिवशी घाटात नेऊ नका.