तळ्याच्या काठावर कर्दळ लावताना कुंडी किती बुडवावी?

गोव्यात अंगणातलं तळं वर्षातून दोनदा रूप बदलतं. मे महिन्यात पाणी वीतभर खाली जातं आणि जुलैत तेच तळं काठोकाठ भरून वाहतं. काठावरची कर्दळ तग धरते की कुजते, हे बहुतेक वेळा यावरच ठरतं. माझी पहिली कर्दळ अशीच गेली. माती, ऊन, कंद सगळं चांगलं होतं, पण जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आंब्याची पानं अडकून जादा पाणी जायचं भोक तुंबलं. रातोरात पाणी फूटभर चढलं आणि नुकते फुटलेले कोंब बुडाले. आठवड्याने कुंडी उचलली तेव्हा कंद बोटाने दाबला की आत जात होता, आणि वास गटारासारखा येत होता.

म्हणून रोप आणण्याआधी तळ्याकडे बघा. काठाच्या चार बोटं खाली जादा पाण्यासाठी पाइप हवा आणि त्याच्या तोंडाला जाळी हवी. पावसाळ्यात ती जाळी रोज सकाळी हाताने साफ करावी लागते. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, नुसतं बांधकाम पाणी धरत नाही, आतून गिलावा लागतोच. गिलावा नवा असेल तर तळं भरून आठवडाभर ठेवा आणि ते पाणी सोडून द्या. असं तीनदा केलं की सिमेंटचा चुना बराचसा निघून जातो. घर खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीच्या, बाजूला असेल तर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं का, ते चाखून पाहा. खारं पाणी कर्दळीला मानवत नाही.

आता जात. कर्दळीचं शास्त्रीय नाव कॅना. नर्सरीत ‘वॉटर कॅना’ म्हणून जी मिळते ती बहुधा कॅना ग्लॉका ही जात किंवा तिचे संकर. पान अरुंद, निळसर झाक असलेलं, फूल फिकट पिवळं. संकरांत गुलाबी, केशरी, लालही मिळतात. ही मुळातच दलदलीतली, त्यामुळे पाण्यात सहज रमते. आपल्या परसातली नेहमीची लाल-पिवळी कर्दळही उथळ पाण्यात येते, फक्त तिला हळूहळू सवय लावावी लागते. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 साली तिच्या नावात ‘इंडिका’ (भारतातली) घातलं असलं तरी तिचं घर उष्ण कटिबंधातली अमेरिका आहे, आपल्या काजू-अननसासारखंच. फुलाच्या ज्या रंगीत भागाला आपण पाकळ्या म्हणतो ते खरं तर रूप बदललेले पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या खाली, बारीक आणि टोकदार. एकदा फूल उलगडून नक्की पाहा.

लावायची वेळ मेचा दुसरा-तिसरा आठवडा. पाऊस लागेपर्यंत मुळं धरतात. दोन-तीन डोळे (कोंब फुटायच्या जागा) असलेला, तळहाताएवढा कंद घ्या. कापलेल्या बाजूला राख लावून एक दिवस सावलीत सुकवा. बारा ते चौदा इंच रुंदीचं पसरट घमेलं उत्तम. तळाशी चिऱ्याचा जड तुकडा ठेवा, म्हणजे जुलैच्या वाऱ्यात उंच झाड कलंडत नाही. माती भातशेतीतली चिकण घ्या. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) अजिबात नको, ते तरंगून वर येतं. पूर्ण कुजलेलं शेणखत दोन मुठी, तेही अगदी तळाशी. ताजं शेण पाण्याखाली सडतं, पाणी हिरवं होतं आणि मासे गुदमरतात. डोळे वर ठेवून कंद दोन-तीन इंच खोल लावा आणि वर दोन बोटं बारीक खडी पसरा.

लगेच तळ्यात सोडू नका. दोन पानं उघडेपर्यंत घमेलं बाहेरच ठेवून माती चिखलासारखी ओली राखा. मग तळ्यात विटांवर असं बसवा की पाणी मातीच्या बरोबरीला येईल. पंधरा दिवसांनी एक वीट काढा, म्हणजे मातीवर दोन-तीन इंच पाणी राहील. नेहमीच्या कर्दळीला एवढंच पुरे. वॉटर कॅना आणखी एक वीट उतरवून सहा इंचांपर्यंत नेता येते. या काढलेल्या विटा टाकून देऊ नका, पाणी चढलं की त्याच पुन्हा खाली सारायच्या. मी घमेल्याच्या कडेला ऑइल पेंटची एक पांढरी रेघ मारली आहे. ती बुडालेली दिसली की विटा वाढवायच्या, लांबून लक्षात येतं.

जागा दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळणारी हवी. दाट माडांच्या सावलीत पानं भरपूर येतात, फुलं नाहीत.

पावसाळ्यात पानं गुंडाळणारी अळी येते. उघडायच्या आधीचं सुरळीचं पान ती आतून धाग्यांनी शिवून टाकते. सकाळी हलक्या हाताने सुरळी सोडवली की आत हिरवट अळी आणि काळी विष्ठा दिसते. अळी वेचून काढा. तळ्यावर कसलंही औषध मारू नका, मासे मरतात आणि मासे गेले की डास आलेच. डासांसाठी गप्पी किंवा आपल्याकडचे पँचॅक्स मासे सोडा. पँचॅक्स डोक्यावरच्या चमकत्या ठिपक्यावरून ओळखू येतात. पानावर शिरांलगत पिवळे पट्टे उमटू लागले तर तो विषाणू असू शकतो. त्याला इलाज नाही, अख्खं झाड कंदासकट उपटून जाळा आणि सुरी उकळत्या पाण्यातून काढा.

खत पाण्यात कधीच टाकायचं नाही. गणेश चवथीनंतर पाऊस ओसरला की हाडांची भुकटी चिकणमातीत मळून लिंबाएवढे गोळे करा आणि दोन गोळे कंदापासून चार बोटं दूर मातीत खोल खुपसा. पुढे मेपर्यंत दर दोन महिन्यांनी तेवढंच. ज्या दांड्याची फुलं पूर्ण संपली तो पाण्याच्या वर चार बोटं ठेवून कापा, बाजूचा नवा कोंब जोर धरतो.

दीड-दोन वर्षांत कंद घमेलं फुगवून फोडतात. मेमध्ये बाहेर काढून वाटून घ्या, शेजाऱ्यांना द्या. उरलेले तुकडे व्हाळात (ओढ्यात) किंवा गावच्या तळीत टाकू नका. ते तिथे रुजतात, त्यांचं रान माजतं आणि पाण्याची वाट अडते.