पार्किंगचा वाद असेल तर आधी नकाशा काढा, मग टेप घ्या

आमची नाशिकच्या इंदिरानगरमधली सोसायटी चौदा फ्लॅटची. सहा वर्षं मी सेक्रेटरी आहे आणि सगळ्यात जास्त मनस्ताप पार्किंगनेच दिला. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. जमिनीवर मारलेले पट्टे किंवा बिल्डरने हात करून दाखवलेली जागा म्हणजे पार्किंग नव्हे. महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशात जे आहे, ते पार्किंग.

म्हणून पहिलं काम नकाशा मिळवण्याचं. पूर्णत्वाच्या दाखल्यासोबतचा नकाशा सोसायटीच्या फायलीत असायला हवा. नसेल तर आर्किटेक्टला विचारा, तिथेही नसेल तर राजीव गांधी भवनातल्या, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयातल्या, नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर आणि बांधकाम परवानगीचा क्रमांक व तारीख लिहा. मी पहिल्या खेपेला नुसतं इमारतीचं नाव लिहिलं, तर ‘फाइल आढळली नाही’ असं उत्तर आलं आणि महिना वाया गेला.

नकाशा हाती आला की रविवारी सकाळी सगळ्यांना गाड्या बाहेर काढायला सांगा. टेप, खडू, सुतळी, दोन माणसं, बस. मोजताना खांबाच्या प्लास्टरपासून समोरच्या खांबाच्या प्लास्टरपर्यंत मोजा. २०२० साली लागू झालेल्या राज्याच्या एकीकृत बांधकाम नियमावलीत चारचाकीच्या जागेचं माप २.५ मीटर बाय ५ मीटर आणि दुचाकीचं १ बाय २ मीटर आहे. गाडी वळवायला लागणारी वाट यात धरायची नाही, ती वेगळी. इमारत जुनी असेल तर मंजुरीच्या वेळचे नियम आणि तेव्हाचा नकाशा बघायचा, आजचं माप तिला लावून भांडू नका.

आमच्याकडे जिन्यालगतच्या जागेत तळमजल्यावरचे काका रोज गाडी लावायचे आणि उतरताना अंग चोरून बाहेर यायचे. खांबावर दाराच्या उंचीला पांढरा ओरखडाच पडला होता. मोजलं तर रुंदी भरली २.२८ मीटर. नकाशात मात्र त्या जागी दुचाक्या दाखवल्या होत्या! काकांची जागा मागच्या बाजूला होती आणि तिथे बिल्डरने पत्रा ठोकून सामान भरलं होतं. नकाशाची प्रत आणि फोटो जोडून सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र दिलं, पोच घेतली. तीन पत्रं आणि आठ महिने लागले, पण जागा मोकळी झाली. तोंडी बोलण्यात दोन वर्षं गेली होती.

आता गेटच्या उताराबद्दल, कारण इथे आपलंच चुकतं. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, मग आपण गेटबाहेर काँक्रीटचा उतार ओततो आणि तो थेट गटारीवर किंवा फुटपाथवर येतो. हे अतिक्रमण आहे. शिवाय जूनमध्ये पाणी तुंबून शेजारच्या पार्किंगमध्ये शिरतं. उतार प्लॉटच्या हद्दीतच बसवा. ८ फुटांना १ फूट हा चढ धरला, तर ३० सेंटीमीटर उंचीसाठी २.४ मीटर लांबी लागते. त्याहून उभा केला तर गाडीचं पोट घासतं. उताराच्या तळाशी आडवी नाली काढून तिच्यावर जाळी टाका आणि नाली पावसाआधी उपसा. फुटपाथ तोडून वाट करायची असेल तर विभागीय कार्यालयाची परवानगी आधी घ्या. फुटपाथ सलग राहिला पाहिजे, त्यावरून शाळेची मुलं आणि काठी टेकत चालणारी माणसं जातात.

नवीन फ्लॅट घेणाऱ्यांनी एवढं नक्की करावं. रेरात, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखाली, नोंदलेल्या प्रकल्पात उघडं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही. छताखालचं घेत असाल तर त्याचा नंबर, लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारनाम्याच्या जोडपत्रात लिहून घ्या. महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ पासून हे बंधनकारक केलं आहे. रेराआधीच्या इमारतींतलं स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालचं खांबांमधलं, बिल्डरला वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं. सही करण्याआधी साइटवर जाऊन त्या खांबांमध्ये स्वतः टेप धरा आणि घरातली सगळ्यात रुंद गाडी एकदा लावून, दोन्ही बाजूंची दारं उघडून बघा.