पार्किंगच्या कोब्यातला खड्डा भरला की पहिल्याच पावसाळ्यात का उखडतो?

बहुतेक वेळा माल कच्चा नसतो, कडा चुकतात. खड्ड्याच्या उतरत्या कडेवर माल पातळ होत जातो आणि तिथूनच पापुद्रा सुटतो.

१. हातोडीने ठोकून बघा. पोकळ वाजेल तितका भाग खड्ड्यातच धरा.

२. भोवती ग्राइंडरने सरळ चौकोन कापा, काप किमान १० मिमी खोल. आतलं छन्नीने काढा. कड उभीच राहिली पाहिजे.

३. तारेच्या ब्रशने घासून धुवा, रात्रभर ओलं ठेवा. सकाळी साचलेलं पाणी पुसा. ओल हवी, थारोळं नको.

४. एक भाग एसबीआर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधासारखं द्रव), एक भाग पाणी. त्यात रंगाइतकं दाट होईल एवढं सिमेंट. ब्रशने तळाला आणि कडांना चोळून लावा.

५. ते चिकट असतानाच माल भरा: ५ किलो सिमेंट, १५ किलो चाळलेली वाळू, १ लिटर लॅटेक्स, पाणी बेताचंच. मुठीत दाबून गोळा झाला की पुरे. मिस्त्री सवयीने आणखी ओततो, तेवढं थांबवा. कडांशी आधी ठोकून दाबा, मग गुरमाळा (सपाटीची लाकडी फळी) फिरवा. वरून कोरडं सिमेंट भुरभुरू नका, तो थर सोलतो.

६. पहिला दिवस प्लॅस्टिकने झाका. गाडी आठवडाभर बाहेर.

ब्रशचा थर वाळला तर तो चिकटवत नाही, उलट माल सुटा ठेवतो. तेव्हा तो खरवडून पुन्हा लावा. एका वेळी भरता येईल तेवढ्याच भागाला लावलेलं बरं.