घरच्या घरी सावल्यांचा सिनेमा: लोटे रायनिगरच्या पद्धतीने

पूर्ण लांबीचा, आजही पाहता येतो असा सर्वांत जुना ॲनिमेशनपट १९२६ सालचा. राजपुत्र आख्मेदच्या साहसांची ही गोष्ट जर्मनीच्या लोटे रायनिगरने तीन वर्षं खपून पॉट्सडॅममध्ये, एका बँकरच्या गॅरेजवरच्या माळ्यावर केली. लागलं काय? कात्री, काळा पुठ्ठा, शिशाचा पातळ पत्रा, तार, काच आणि दिवे. शिसं विषारी, ते वगळा. बाकीचं घरात सापडेल.

दोन स्टुलांवर जाड काच आडवी ठेवा, तिच्यावर बटर पेपर, खाली एलईडी बल्ब. फोन वरून सरळ खाली बघेल असा घट्ट बसवा. फोकस आणि एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक करा, पडदे ओढा. नाहीतर बाहेर ढग आला की तुमचा सिनेमा लुकलुकणार.

आता बाहुली. चेहरा नेहमी बाजूने काढा. समोरून काढला तर नुसता काळा गोळा दिसतो. उजेड मागून येत असल्याने पुठ्ठ्याचा रंग कुठलाही चालतो, जुनी लग्नपत्रिकासुद्धा. कापताना कात्री स्थिर धरून कागद फिरवा. रायनिगर तसंच कापायची, आणि वळणं खरोखर सफाईदार येतात. डोकं, धड, दंड, हात, मांड्या, पोटऱ्या वेगळ्या कापा. सांध्याची टोकं गोल ठेवून एकमेकांवर चढवा, म्हणजे गुडघा वाकला तरी फट पडत नाही. छिद्रातून बारीक तार ओवून दोन्हीकडे वळवा. बाहुली काचेवरून उचलली जात असेल तर धडाला वायसर चिकटवा. काळ्यात काळं, दिसणार नाही.

खरी कसोटी हलवण्यात आहे: बाहुली जराशी सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. हे फोटो भराभर एकामागून एक दाखवले की ती हलताना दिसते. सेकंदाला १२ फोटो धरा, म्हणजे १० सेकंदांना १२०. हात उचलायचा तर सुरुवातीला केसभर सरकवा, मधे जास्त, थांबताना पुन्हा केसभर. सगळीकडे सारखंच अंतर ठेवलंत तर यंत्र हलल्यासारखं वाटतं. एका पावलाला सहा फोटो पुरतात: पाय फाकले की शरीर किंचित खाली, पाय जवळ आले की वर. चेहऱ्यावर भाव नसल्याने राग, लाज, भीती सगळं मानेतून आणि पाठीच्या बाकातून दाखवावं लागतं. आरशासमोर स्वतः करून बघा, कोणी हसलं तर हसू दे.

जवळचं दृश्य हवं असेल तर फोन खाली आणू नका. डोकं-खांद्यांची मोठी बाहुली वेगळी कापा.

डोंगरांसाठी बटर पेपरचेच आकार फाडा. लांबच्या डोंगराला एक थर, जवळच्याला तीन.