रोइंग मशीनवर घाम गळतो, पण आकडा हलत नाही? या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या जिममध्ये रोइंग मशीनवर, म्हणजे वल्हवण्याच्या यंत्रावर, बसणारा नवखा माणूस पहिलं काम ठरलेलं करतो. पंख्याच्या बाजूचा डॅम्परचा खटका थेट १० वर! मीही सुरुवातीचे कित्येक महिने तेच केलं. वाटायचं, जड म्हणजे जास्त व्यायाम. तसं नसतं. तो खटका पंख्यात हवा किती शिरावी एवढंच ठरवतो, सायकलच्या गिअरसारखा. १० वर पंख्याचं चाक दर ओढीनंतर पटकन मंदावतं, मग दर वेळी ते नव्याने फिरवायला कंबर कामाला लागते. ३ ते ५ च्या मध्ये ठेवा. मात्र दोन मशीनांवरचा ४ सारखा असेलच असं नाही. कॉन्सेप्ट टू कंपनीच्या मशीनच्या मॉनिटरवर ‘ड्रॅग फॅक्टर’, म्हणजे हवेचा अडथळा किती याचा आकडा, दिसतो, तो बघा. बहुतेकांना ११० ते १३० पुरतो. जाळीत धूळ बसली की हा आकडा घसरतो, आणि शेजारी पुनर्विकासाचं काम चालू असेल तर धुळीचं वेगळं सांगायला नको.

दुसरी चूक हातांची. बरेच जण आडातून पाणी शेंदल्यासारखे ओढतात, सगळा जोर दंडांवर. इथे मुख्य काम पायांचं. आधी पाय रेटायचे, ते जवळजवळ सरळ झाले की धड कंबरेतून किंचित मागे, आणि शेवटी हात छातीच्या खालच्या टोकापर्यंत. परतताना बरोबर उलट: हात, धड, मग गुडघे. हँडल गुडघ्यांवर आपटत असेल किंवा त्यांच्यावरून उचलून न्यावं लागत असेल, तर गुडघे घाईने वर येताहेत, दुसरं काही नाही.

कंबर दुखत असेल तर मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढा. सीट सुर्रकन मागे गेली आणि हँडल जागच्या जागीच, असं दिसलं तर पायांचा जोर हँडलच्या साखळीपर्यंत पोचतच नाही. मागाहून सगळा भार कंबर ओढते. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: हात सरळ, धड पुढे झुकलेलं, फक्त पायांनी दहा ओढी. मग धड जोडा, मग हात. दिवसभर खुर्चीत आणि वर तासभर लोकलमध्ये बसणाऱ्यांच्या मांड्यांच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतात. त्यांना पुढे झुकताना पाठ वाकवावी लागते. पाय ठेवायची पट्टी एक-दोन घरं खाली घ्या, फरक लगेच कळेल. पट्टा बोटांच्या मुळाशी हवा, घोट्याजवळ नको.

आता घाई. मॉनिटरवर मिनिटाला ३२ स्ट्रोक (ओढी) आणि ५०० मीटरला २:४०, म्हणजे २ मिनिटं ४० सेकंद, हे दृश्य मी रोज बघतो. हा माणूस जोर लावत नाही, नुसता पुढे-मागे धावतोय. ओढायला एक मात्रा, परतायला दोन. २० ते २२ स्ट्रोकवर तोच वेग आणून दाखवा, मग वाढवा. वेग सुधारणं महाग असतं, हेही ध्यानात ठेवा: २:३० ला साधारण १०४ वॉट लागतात, २:०० ला २०३. जवळजवळ दुप्पट! म्हणून महिन्यात दोन-तीन सेकंद कमी झाले तरी तोंड पाडू नका.

रोज २००० मीटर जीव तोडून मारणं ही शेवटची चूक. ते ऑलिंपिकच्या शर्यतीचं अंतर आहे. आपला रोइंगपटू दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओला तेवढंच वल्हवून तेरावा आला. शर्यत रोज नसते. आठवड्यातले बरेचसे दिवस गप्पा मारता येतील एवढ्या दमाने २०-३० मिनिटं, एखादा दिवस जोराचा. मुंबईच्या दमट हवेत खोलीतला पंखा समोर हवाच, नाहीतर नाडी उगाच चढते.

आणि सीट अडखळत असेल तर दोष तुमचा नसेलही. रुळावर घामाची चिकट काळी पुटं चढतात, ती ओल्या फडक्याने पुसा. साखळीला ५० तासांच्या वापरानंतर तेल लागतं. पावसाळ्यात ती आधीच खरखरायला लागली तर वाट बघू नका.