पर्मनंट सोडून कॉन्ट्रॅक्टवर जाताय? राजीनाम्याची तारीख ठरवताना या चुका टाळा

जळगाव एमआयडीसी, भुसावळ, धुळ्याचं अवधान, शिरपूर. कुठेही बघा, हातात कसब असलेला माणूस काही वर्षांनी याच विचारापाशी येतो. इथे पगार हलत नाही, बाहेर आपल्याच कामाला रोजाने चांगले पैसे मिळतात, मग पर्मनंट सोडून कॉन्ट्रॅक्टवर का जाऊ नये? जावं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. मला काळजी वाटते ती तारखेची. राजीनामा दिला जातो तो इन्क्रीमेंटचं पत्र हातात पडल्यावर, साहेबाशी वाजल्यावर, नाहीतर नवी पार्टी "सोमवारपासून या" म्हणाली म्हणून. अशा दोन महिन्यांच्या घाईत वर्षांची कमाई मागे राहते.

कोणत्या प्रकारचं कॉन्ट्रॅक्ट, हेच न विचारणं

तारखेचा हिशोब यावर अवलंबून आहे. पहिला प्रकार ठरावीक मुदतीच्या नोकरीचा. यात तुम्ही कंपनीच्याच पगारपत्रकावर असता, पीएफ चालू राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार अशा कामगाराला एक वर्ष भरलं तरी प्रमाणात ग्रॅच्युइटी, म्हणजे सोडताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम, मिळते. दुसरा प्रकार ठेकेदाराच्या नावावर काम करण्याचा. तिथे मालक ठेकेदार, म्हणून तो पीएफ खरोखर भरतो का हे त्याच्याकडच्या जुन्या माणसाच्या पासबुकात बघून घ्या. तिसरा प्रकार स्वतःचं बिल फाडण्याचा. इथे तुम्ही नोकरदार राहत नाही, व्यावसायिक होता. पुढचं बरंचसं लिखाण या तिसऱ्या प्रकारासाठी आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं त्यातच फसलेली दिसतात.

ग्रॅच्युइटीच्या उंबरठ्यावर राजीनामा देणं

पर्मनंट नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. हिशोब सोपा आहे: शेवटचं वेतन (मुख्यतः बेसिक अधिक डीए), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक आणि डीए मिळून २६,००० असेल तर एका वर्षाचे १५,००० होतात. पाच वर्षं भरली तर ७५,००० हातात, आणि चार वर्षं सहा महिन्यांवर सोडलं तर काहीच नाही. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर हक्क बनतो असे काही न्यायालयीन निकाल आहेत. तरी कंपनी अडवू शकते, म्हणून जमत असेल तर पाचाचा आकडा पुरा करूनच निघा.

पुढच्या वर्षांत सहा महिन्यांची रेघ लक्षात ठेवा. सहा महिन्यांहून जास्त झालेलं वर्ष पूर्ण धरलं जातं. नऊ वर्षं पाच महिन्यांवर निघालात तर नऊ वर्षांचे १,३५,००० मिळतील, नऊ वर्षं सात महिन्यांवर निघालात तर दहा वर्षांचे १,५०,०००. पीएफच्या पेन्शनलाही दहा वर्षांची सेवा लागते, आणि तिथेही साडेनऊ वर्षं दहा धरली जातात. पंधरा हजारांच्या मर्यादेवर दहा वर्षांची पेन्शन महिन्याला २,१०० च्या आसपास बसते. रक्कम लहान आहे, पण ती जन्मभराची आहे आणि तुमच्या पश्चात घरच्यांनाही काही मिळतं. आधीच्या कंपनीतली वर्षंही यात धरली जातात, फक्त जुना पीएफ एकाच यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराखाली, ट्रान्सफर केलेला हवा. हे काम राजीनाम्याआधी करा. नंतर जुन्या ऑफिसात ओळखीचं कुणी उरत नाही.

दिवाळीच्या बोनसचं थोडं वेगळं आहे. कायद्याच्या कक्षेत येणारा बोनस, वर्षात तीस दिवस काम केलं असेल तर, सोडून गेलेल्यालाही प्रमाणात मिळतो. कंपनीचा स्वतःचा इन्सेंटिव्ह मात्र बहुधा वाटपाच्या दिवशी हजेरीपटावर असलेल्यालाच मिळतो. नेमणूकपत्रात ती ओळ शोधा.

"राजीनामा द्या, उद्यापासून इथेच कॉन्ट्रॅक्टवर या"

हे वाक्य ऐकलं की थांबा. काम तेच, वेळ तीच, सुपरवायझर तोच, फक्त पीएफ, रजा आणि ग्रॅच्युइटी गेली, असा हा व्यवहार असतो. पटत असेल तर घ्या, पण आधी फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब), रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि रिलीव्हिंग लेटर हातात पडू द्या. नव्या करारात रक्कम, मुदत आणि दोन्ही बाजूंचा नोटीस पिरियड लेखी असायला हवा. तोंडी शब्दावर राजीनामा लिहून देऊ नका, साहेब कितीही जवळचे असले तरी.

आपल्या पगाराचा महिना बघणं, गिऱ्हाइकाचा हंगाम न बघणं

खानदेशात सगळ्यात महाग पडते ती ही चूक, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. इथले बरेचसे कारखाने शेतीच्या पाठीवर चालतात. जिनिंग दसरा-दिवाळीला सुरू होऊन मार्चच्या आसपास थंडावतं. मशीन खोलून दुरुस्त करायचं काम निघतं पावसाळ्यात, नवा कापूस यायच्या आधी. जिनिंगच्या फिटरने "मार्चएंड झाला" म्हणून एप्रिलमध्ये नोकरी सोडली, तर पुढचे तीन-चार महिने तो घरी बसून फोनची वाट बघतो. त्याच माणसाने जुलैअखेर मोकळं व्हायचं ठरवलं, तर पहिल्या आठवड्यापासून काम असतं.

ठिबकचं तसंच. बागायती कापूस आणि मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावायची केळी यांसाठी मे-जूनमध्ये घाई असते, कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीसाठी पुन्हा ऑक्टोबरच्या सुमारास. डाळमिलला नवी तूर जानेवारीनंतर येते, म्हणून दुरुस्ती त्याआधी. दीपनगरसारख्या वीज केंद्रांत संचांची मोठी देखभाल साधारण पावसाळ्यात घेतात, कारण तेव्हा विजेची मागणी उतरलेली असते. मोठ्या कंपन्यांचे वार्षिक देखभाल करार बहुधा १ एप्रिलपासून असतात आणि त्यांची कोटेशनं जानेवारी-फेब्रुवारीत मागवली जातात.

म्हणून उलटं मोजा. आधी हंगाम कधी लागतो ते धरा, त्यातून नोटीस पिरियड वजा करा, आणि जो महिना येईल त्यात राजीनाम्याचा कागद द्या. नोटीस तीन महिन्यांची असेल आणि काम ऑगस्टला हवं असेल, तर कागद एप्रिलअखेर, म्हणजे साधारण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास. पैशाचं गणित आणखी पुढे सरकतं. ऑगस्टमध्ये केलेल्या कामाचं बिल ऑक्टोबरला सुटलं तरी लवकर सुटलं म्हणायचं. मधल्या काळात शाळेची फी आहे, पोळा आहे, लग्नकार्य आहे. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात असल्याशिवाय मी कुणालाही हो म्हणत नाही, आणि पीएफ मोडून तो खर्च उभा करायलाही माझा विरोध आहे. सलग पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागतो.

रोजाचा भाव पगाराच्या भागाकाराने काढणं

सहा लाखांच्या वार्षिक पॅकेजला वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांनी भागून २,००० रुपये रोज मागितला जातो. पण कॉन्ट्रॅक्टवर आजारपण, सणवार, काम शोधण्याचे दिवस बिनपगारी असतात. २२० दिवस बिल झालं असं धरा, म्हणजे नुसती बरोबरी करायला २,७०० च्या वर रोज हवा. हा भाव द्यायला दोन गिऱ्हाइकं तयार नसतील, तर अजून वेळ आलेली नाही.

विमा आणि कर्ज नंतरवर टाकणं

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम साधारणपणे शेवटच्या दिवशी संपतो. वैयक्तिक पॉलिसीत पहिले तीस दिवस, अपघात सोडून, क्लेम मिळत नाही आणि जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून पॉलिसी नोकरीत असतानाच सुरू करा. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हेही विचारा. पगार २१,००० च्या आत असून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल, तर एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. सप्टेंबर पुरा करून निघणं त्या दृष्टीने बरं.

घराचं कर्ज पगाराच्या स्लिपवर लवकर होतं. व्यावसायिक झालात की बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. तरीही राजीनाम्याच्या तोंडावर कर्ज काढू नका. हप्ता पगारावर मंजूर होतो, पण भरायचा असतो बिलांवर.

सोडून झालं असेल आणि अडलं असेल तर

ग्रॅच्युइटी तीस दिवसांत मिळायला हवी. न मिळाल्यास कंपनीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि मग कामगार आयुक्तांच्या स्थानिक कार्यालयात जा.

पुढची बिलं अडकू नयेत म्हणून लहान उद्योगांच्या 'उद्यम' या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा. ती मोफत आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं आणि तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. पण नोंदणी काम सुरू होण्याआधीची हवी, म्हणून पहिल्या बिलाच्या आधीच करून ठेवा.

बिलातून टीडीएस (गिऱ्हाइकाने आधीच कापून भरलेला कर) कापला म्हणजे कर संपला असं धरू नका. वर्षाचा उरलेला कर १०,००० किंवा जास्त असेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. अंदाजित उत्पन्नाची योजना (उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने उत्पन्न धरण्याची) घेतली असेल तर तो एकदाच, १५ मार्चपर्यंत. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी आला.

आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख दिसत नसेल, तर कंपनीच्या मागे फिरू नका. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तारीख तुम्हाला स्वतः, आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने भरता येते.