धावण्याची ऑनलाइन नोंदवही कशी ठेवावी

ऑक्टोबर उजाडला की शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पहाटे साडेपाचलाच गर्दी दिसू लागते. पाऊस सरलेला असतो आणि जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन डोळ्यांसमोर असते. अशाच एका ऑक्टोबरच्या शेवटी माझी उजवी नडगी दुखायला लागली. बूट झिजले असतील म्हणून नवे घेतले, तरी दुखणं तसंच. मग एका रविवारी दुपारी फोनमधल्या धावांची आठवड्यावार बेरीज काढली. पावसाळ्यात मी आठवड्याला सरासरी १८ किलोमीटर धावत होतो. पाऊस थांबल्यावर लागोपाठच्या तीन आठवड्यांत ते २४, ३१ आणि ३८ झाले होते. तीन आठवड्यांत दुपटीहून जास्त, आणि दर वेळी वाटत होतं की थोडंसंच तर वाढवलंय.

आकडे सगळे माझ्याच फोनमध्ये होते, फक्त मी ते कधी वाचले नव्हते. तेव्हापासून नोंदवही जशी ठेवतो, ती पद्धत इथे लिहितो आहे. पहिल्यांदा ५ किलोमीटर धावणाऱ्यालाही ती चालेल.

आधी जागा ठरवा

स्ट्राव्हा, गार्मिन कनेक्ट, रनकीपर, नाइकी रन क्लब यांपैकी धावा टिपणारं कोणतंही ॲप चालेल. आलेखांची आवड असेल तर रनालाइझ हे जर्मन संकेतस्थळ पाहा. स्ट्राव्हावर नोंद फुकट होते, काही विश्लेषणाचे पैसे पडतात. सुरुवातीला ते भरायची गरज नाही. घड्याळ नसेल तर फोन पुरतो, आणि फोन सोबत न्यायचा नसेल तर घरी येऊन हाताने नोंद करता येते.

जागा एकच ठेवा. घड्याळ आणि फोन दोन्हीकडून एकच धाव चढली तर आठवड्याची बेरीज फुगते. पहिल्या पंधरा दिवसांत अशा दुहेरी नोंदी शोधून काढून टाका.

मी या ॲपबरोबर गुगल शीटही ठेवतो. रकाने असे: तारीख, वेळ, मार्ग, किलोमीटर, मिनिटं, हृदयाचे ठोके, कष्ट, झोप, हवा, बूट, शेरा. शीटमध्ये पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागलेली मिनिटं, काढताना एक घोळ हमखास होतो. ४० मिनिटांत ६ किलोमीटर धावलात तर भागाकार ६.६७ येतो. याचा अर्थ ६ मिनिटं ६७ सेकंद नव्हे, तर ६ मिनिटं ४० सेकंद. दशांशानंतरच्या भागाला ६० ने गुणायचं.

पहिल्या धावेआधी नकाशा झाका

ही पायरी टाळू नका. रोज एकाच इमारतीच्या फाटकातून सुरू होऊन तिथेच संपणारी रेघ म्हणजे तुमच्या घराचा पत्ता आणि तुमची बाहेर पडायची वेळ, दोन्ही. स्ट्राव्हाचा जगभरातल्या धावांचा एकत्रित नकाशा २०१८ च्या जानेवारीत चर्चेत आला, कारण त्यात लष्करी तळांवरच्या सैनिकांच्या धावण्याच्या वाटाही उजळून दिसत होत्या. आपल्यासाठी उपाय साधा आहे. सेटिंगमध्ये जाऊन धाव फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करा आणि सुरुवातीचा व शेवटचा टप्पा लपवा. पहाटे एकट्या धावणाऱ्या मैत्रिणींना मी आणखी एक सांगतो: धाव सुरू असताना ठिकाण दाखवायचं ते घरच्या एखाद्याच माणसाला.

काय लिहायचं

माझ्या लहानपणी आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई दुधाचे खाडे लिहायची. दूध आलं तो दिवस कोराच असायचा, न आलेल्या दिवसावर खूण. महिनाअखेरचा हिशेब त्या खाड्यांवर चालायचा. धावण्याच्या वहीतही खाड्यांची नोंद हवीच, आणि ॲप ती आपणहून करत नाही. धावला नाहीत त्या दिवशी कारणासकट एक ओळ टाका: ‘ताप’, ‘ऑफिसातून घरी पोचायला साडेअकरा’, ‘गौरी जेवण, पाहुणे’, ‘कंटाळा’. कंटाळाही खरा असेल तर लिहाच. सहा महिन्यांनी तुमचे खाडे कोणत्या वारी पडतात ते दिसतं. माझे मंगळवारी पडत होते, कारण सोमवारी मी उशिरा घरी येतो. मंगळवारची धाव बुधवारवर नेली आणि ते थांबले.

धावलेल्या दिवशी किलोमीटर, वेळ आणि ठोके ॲप स्वतः टिपतं. त्यात तुम्ही दोन गोष्टी घाला.

पहिली, कष्ट. धाव किती जड गेली याला १ ते १० मध्ये गुण द्या. जाणवणारे कष्ट आकड्यात मांडण्याची ही कल्पना स्वीडनच्या गुनार बोर्ग यांची. त्यांची मूळ मोजपट्टी ६ ते २० अशी होती. पूर्ण वाक्यं बोलत धावता आलं तर ३-४, दोन-तीन शब्दांतच दम लागला तर ७-८. धाव संपल्यावर लगेच नको, अर्ध्या तासाने गुण द्या. शेवटच्या धापेचा परिणाम ओसरलेला असतो. या गुणाला मिनिटांनी गुणलं की त्या दिवसाचा भार मिळतो. ४० मिनिटं सावकाश, कष्ट ४, भार १६०. तेवढीच ४० मिनिटं जोरात, कष्ट ७, भार २८०. किलोमीटरमध्ये या दोन दिवसांत फार फरक दिसणार नाही, शरीरावर मात्र खूप पडतो.

दुसरी, शेरा. एकच ओळ, आपल्या भाषेत, त्याच दिवशी. माझ्या वहीतल्या काही: ‘डोंबिवलीहून उभ्याने आलो, पोटऱ्या आधीच भरलेल्या.’ ‘एकादशी, साबुदाण्यावर धावलो, चौथ्या राउंडला गळालो.’ ‘नडगी उतारावर बोलते, सपाटीवर गप्प.’ बायकांनी पाळीचे दिवसही टिपावेत. त्यामुळे धावण्यात काय फरक पडतो हे प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि ते स्वतःच्याच वहीतून कळतं. दुखणं लिहिताना जागा, बाजू आणि कितव्या किलोमीटरला सुरू झालं हेही लिहा. पुढे फिजिओथेरपिस्टकडे जायची वेळ आली तर ‘थोडं दुखतं’ यापेक्षा या तीन नोंदी जास्त कामाच्या असतात.

बूटही नोंदवा. धावण्याचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात असं मानतात. ॲपमध्ये जोड टाकून ठेवला की बेरीज आपोआप होते.

आकडा कुठे फसवतो

मुंबईत जीपीएसला उंच इमारती नडतात. लोअर परळच्या टॉवरांमधून धावताना उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात, नकाशावरची रेघ रस्ता सोडून इमारतींत शिरते आणि एखादा किलोमीटर साडेचार मिनिटांत झालेला दिसतो. त्यावर खूश होऊ नका. मरीन ड्राइव्हवर आकाश मोकळं असतं, तिथला आकडा जास्त भरवशाचा. कुठेही असा, घड्याळाने उपग्रह पकडल्याची खूण दाखवल्यावरच पाऊल उचला.

मनगटावरचे ठोकेही कधीकधी चुकतात. पट्टा सैल असला, घाम साचला की घड्याळ ठोक्यांऐवजी पावलांची लय मोजू लागतं. सावकाश धावताना सुरुवातीलाच १७० दिसले तर आधी पट्टा घट्ट करा. पावसाळ्यात ट्रेडमिलवर धावलात तर घड्याळाचं अंतर न धरता मशीनवरचं लिहा आणि शेऱ्यात ‘ट्रेडमिल’ टाका.

सगळ्यात मोठी फसवणूक हवेची. मुंबईच्या दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही, अंग गार होत नाही, आणि त्याच वेगाला हृदयाला जास्त काम पडतं. मे महिन्यात पेस ढासळला म्हणून कितीतरी जण नाउमेद होऊन धावणं सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून ‘हवा’ या रकान्यात तापमान आणि आर्द्रता दोन्ही लिहा, आणि मेची तुलना मागच्या मेशीच करा.

रविवारची दहा मिनिटं

लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव करून, आंघोळ-नाश्ता उरकून बसा. तीनच गोष्टी पाहा: या आठवड्याचे किलोमीटर, मागच्या चार आठवड्यांची सरासरी, आणि आठवड्याचा एकूण भार. आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये असं धावणारे एकमेकांना सांगतात. तो अंदाजाचा नियम आहे. आठवड्याला १० किलोमीटर धावणाऱ्याने ११ वरच थांबावं असं काही नाही. मी सरासरीकडे बघतो. या आठवड्याचा आकडा चार आठवड्यांच्या सरासरीच्या फार पुढे गेला असेल, तर पुढचा आठवडा हलका. माझ्या त्या ऑक्टोबरात हे एकदा जरी पाहिलं असतं तरी ३१ च्या आठवड्यालाच थांबलो असतो.

या दहा मिनिटांत दुसऱ्यांच्या धावा पाहू नका. त्यांची झोप, त्यांचा प्रवास, त्यांचं वय तुमच्या वहीत नाही.

महिन्यातून एकदा तोच मार्ग

प्रगती मोजायची तर मार्ग, वेळ आणि कष्ट तेच ठेवायला हवेत. शिवाजी पार्कचा एक राउंड सुमारे १.२ किलोमीटरचा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी पहाटे मी पाच राउंड मारतो, कष्ट ४ वर, म्हणजे बोलता येईल इतक्याच वेगाने, आदल्या दिवशी विश्रांती घेऊन. सुरुवात आणि शेवट ठरलेल्या एकाच फाटकापाशी, म्हणजे जीपीएस काहीही म्हणो, अंतर तेच. लिहायचं ते फक्त वेळ आणि सरासरी ठोके. ४२ मिनिटांना १५८ ठोके लागत होते आणि काही महिन्यांनी तेवढ्याच ४२ मिनिटांना १४८ लागले, तर वेळ तीच असूनही तुम्ही सुधारला आहात. घराजवळ असा गोल नसेल तर सोसायटीभोवतीचा रस्ताही चालेल, सिग्नल मात्र नको.

मॅरेथॉनला उतरणार असाल तर डिसेंबरअखेर वही उघडून लाँग रनचे सगळे शेरे सलग वाचा. कितव्या किलोमीटरला गळालात, त्याआधी काय खाल्लं होतं, पहिले पाच किलोमीटर किती वेगाने गेले होते, हे एका कागदावर उतरवा. माझ्या कागदावर एकच गोष्ट चारदा आली होती: पहिले पाच किलोमीटर जोरात गेले त्या दिवशी शेवटचे पाच चालत गेले. मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ तेव्हा परतीच्या वाटेवर यायचा. त्या वर्षी मी पहिल्या पाच किलोमीटरचा पेस मनगटावर पेनाने लिहून उभा राहिलो, आणि तो चढ धावत चढलो.